‘पहिला’ म्हणजे कितवा? रस्त्याकडेच्या पाट्यांच्या प्रकल्प नोंदी

३० मार्च २०२५, रविवार, पाडवा

श्रीखंडाला चक्का कमी पडला म्हणून दुपारी पुन्हा ओक ट्री रोड, म्हणजे आमची न्यू जर्सीतली देशी बाजारपेठ, गाठला. सणाच्या दिवशी तिथं पार्किंग मिळणं म्हणजे लॉटरीच. न्यू डोव्हर रोडच्या कोपऱ्यावर जे तळं आहे, तिथल्या सिग्नलला थांबलो होतो. धाकटा म्हणाला, “आई, इथे लढाई झाली होती?” मी म्हटलं, पार्किंगवरून रोजच होते. पण तो खिडकीतून तिथली इतिहासाची पाटी वाचत होता. मी या सिग्नलला अकरा वर्षं थांबतेय. पाटी वाचली नव्हती.

घरी येऊन शोधलं. २६ जून १७७७, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध. वॉशिंग्टन मिडलब्रुकच्या टेकड्या धरून बसला होता आणि इंग्रज सेनापती हाऊ त्याला सपाटीवर ओढू पाहत होता. माघारीचं नाटक करून हाऊ अचानक उलटला. लॉर्ड स्टर्लिंगच्या तुकडीनं या परिसरात त्याला झुंजवत ठेवलं आणि तेवढ्या वेळात वॉशिंग्टन पुन्हा टेकड्यांवर सरकला. चारच दिवसांत इंग्रजांनी न्यू जर्सी सोडलं. गडावर बसलेल्यानं मैदानात उतरायचं नसतं, हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. जिथं आपण पनीर आणि फरसाण घेतो, तिथं हे सगळं घडलं.

आमच्या मंडळाच्या गणपतीतल्या प्रदर्शनाचा विषय अजून ठरलेला नाही. गेल्या वर्षी मातीचे किल्ले केले होते. यंदा ‘आपल्या वाटेवरच्या पाट्या’ असं सुचवून पाहते.

५ एप्रिल, शनिवार

कमिटीनं होकार दिला, बजेट दीडशे डॉलर. एका काकांनी “पाट्यांचं प्रदर्शन कोण बघणार? पुणेरी असत्या तर गोष्ट वेगळी” असा शेरा मारलाच. मुलं सहा, मोठी माणसं तीन. प्रत्येक मुलानं एक पाटी निवडायची, फोटो काढायचा आणि मराठीत पाच ओळी लिहायच्या.

सुरुवात घरापासून, मेन्लो पार्क. ज्या गावात आम्ही राहतो त्याचं नाव १९५४ पर्यंत रॅरिटन टाउनशिप होतं, एडिसनचं नाव नंतर दिलं. १८७६ मध्ये तो इथं प्रयोगशाळा घेऊन आला. १८७७ ला फोनोग्राफ, १८७९ ला दिवा. आता तिथं सव्वाशे फुटांहून उंच मनोरा आहे, माथ्यावर सुमारे १४ फुटांचा काचेचा बल्ब. ११ फेब्रुवारी १९३८ ला, म्हणजे एडिसनच्या ९१व्या जन्मदिवशी, त्याचं लोकार्पण झालं. एडिसन तेव्हा हयात नव्हता.

मुलांना प्रयोगशाळा बघायची होती. ती इथं नाही. हेन्री फोर्डनं १९२९ मध्ये मिशिगनला आपल्या संग्रहालयाच्या गावात ती पुन्हा उभी केली, आणि नुसत्या विटा-फळ्या नाही, इथली मातीसुद्धा गाडीत भरून नेली. “म्हणजे खरी वस्तू तिकडे आणि खरी जागा इकडे?” लेकीनं विचारलं. हो. आणि तिकडच्या पाटीखाली खरी माती.

१२ एप्रिल, शनिवार

पर्थ अँबॉय. आमच्याकडून वीस मिनिटं. इथं येणं टॉमस मंडी पीटरसनसाठी.

हा माणूस १८२४ मध्ये मेटचनला जन्मला, म्हणजे एडिसननं चारही बाजूंनी वेढलेल्या त्या चिमुकल्या गावात, जिथल्या स्टेशनवरून आमच्या ओळखीतले निम्मे लोक मॅनहॅटनला जातात. तो पर्थ अँबॉयच्या शाळेत शिपाईकाम, झाडलोट करायचा. वर्णावरून मताचा हक्क नाकारायला मनाई करणारी राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती ३० मार्च १८७० ला अमलात आल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला, पीटरसननं मत दिलं. या दुरुस्तीखाली मत देणारा पहिला कृष्णवर्णीय नागरिक. मतदान तरी कशाचं? शहराची सनद ठेवायची की बदलायची, इतकं साधं स्थानिक. पुढे त्याच सनदेत सुधारणा करणाऱ्या समितीवर त्याला घेतलं. १८८४ मध्ये गावानं त्याला सोन्याचं पदक दिलं. ते आता लुइझियानात, न्यू ऑर्लीन्सच्या झेवियर विद्यापीठात आहे. त्याची समाधी इथंच, सेंट पीटर्स चर्चच्या आवारात. समुद्रावरून वारा येतो. मुलांनी उगाच आवाज खाली आणले.

परतताना गाडीत वाद. लेकीच्या मैत्रिणीनं फोनवर शोधून काढलं की न्यू जर्सीत १७७६ च्या घटनेनुसार ठरावीक मालमत्ता असेल तर कृष्णवर्णीय पुरुष मत देऊ शकत होते, अविवाहित आणि विधवा बायकासुद्धा. १८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला. “मग पीटरसन पहिला कसा?” तो पहिला आहेच, पण ‘पंधराव्या दुरुस्तीनंतर’ या दोन शब्दांच्या आधारावर. आणि ते दोन शब्द वाचले तर कळतं की त्याआधी काय हिसकावून घेतलं होतं.

वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाटीवर ‘पहिला’ दिसला की आधी अट शोधायची.

रात्री तारखांचा तक्ता करताना ३१ मार्च कुठे तरी ऐकलाय असं वाटत राहिलं. सापडलं. आनंदीबाई जोशी, जन्म ३१ मार्च १८६५, कल्याण. पीटरसन मत द्यायला गेला त्या दिवशी ती पाच वर्षांची झाली. तेव्हा तिचं नाव यमुना होतं.

आणि ती अमेरिकेत आली तेव्हा राहिली कुठे? रोझेल, न्यू जर्सी. इथून अर्ध्या तासावर.

१९ एप्रिल, शनिवार

ग्रोव्हर्स मिल, वेस्ट विंडसर. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री एका रेडिओ नाटकात मंगळावरचे लोक इथं उतरले, आणि ऐकणाऱ्यांपैकी काहींनी ते खरं मानलं. पन्नास वर्षांनी, १९८८ मध्ये, गावानं व्हॅन नेस्ट पार्कमध्ये त्याचं ब्राँझचं स्मारक उभारलं. जे घडलंच नाही त्याचं हे स्मारक. धाकट्यानं तत्काळ हीच पाटी निवडली.

४ मे, रविवार

दिवसभर पाऊस. घरी बसून बाकीच्या राज्यांचं वाचन.

व्हर्जिनियानं १९२७ मध्ये रूट वनवर अशा पाट्या रोवायला सुरुवात केली. तोच रूट वन, ज्यावर आम्ही रोज सकाळी अडकतो. मोटारी नव्या होत्या, लोक हौसेनं फिरत होते, त्यांना थांबवायला काहीतरी हवं होतं. न्यूयॉर्कनं १९२६ मध्ये, क्रांतीच्या दीडशे वर्षांच्या निमित्तानं, निळ्यावर पिवळी अक्षरं असलेल्या पाट्या सुरू केल्या. पेनसिल्व्हेनियाच्याही निळ्या-सोनेरी, पण त्या १९४६ पासूनच्या. पुढच्या वर्षी अडीचशे वर्षं होतायत, त्यामुळे सध्या पुन्हा पाट्यांचा हंगाम आहे.

एक गोष्ट आवडली. ओहायोतल्या मॅरिएटा गावात १९२७ पासून अशा पाट्या ओतणारा कारखाना आहे, अनेक राज्यांच्या पाट्या तिथूनच येतात. नाव ‘सेवाह’. मला वाटलं कुणी गुजराती मालक असावा. तर संस्थापकाचं आडनाव हॉस, त्याची इंग्रजी अक्षरं उलटी मांडली की सेवाह. पद्धत अजून जुनीच. फळीवर एकेक धातूचं अक्षर जुळवायचं, त्याचा वाळूत ठसा घ्यायचा, त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं, मग रंगवायचं. अक्षर उठावाचं असल्यामुळे रंग उडाला तरी बोटांनी वाचता येतं.

मुलांसाठी एक नोंद वेगळी काढली. मिसिसिपीत १९५५ मध्ये एमेट टिल या शिकागोच्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. टॅलाहाची नदीकाठी जिथं त्याचा मृतदेह मिळाला, तिथं २००७ मध्ये पाटी लावली. २००८ मध्ये ती चोरली गेली. दुसरी लावली, तिची गोळ्यांनी चाळण झाली. तिसरी २०१८ मध्ये लावली, तिच्यावर ३५ दिवसांत गोळ्या. चौथी २०१९ मधली, गोळी न शिरणाऱ्या पोलादाची, वजन ५०० पौंड. हे वाचल्यावर ‘पाट्या कोण बघतं’ असं म्हणणाऱ्या काकांना उत्तर द्यायची इच्छा झाली, पण फोन केला नाही.

२५ मे, रविवार

मेमोरियल डेची जोडून सुट्टी. तीन गाड्या, पोळीभाजी, ताक. न्यूयॉर्क राज्यातलं पोकीप्सी, आनंदीबाईंच्या दगडासाठी.

वाटेत न्यूबर्गला थांबलो. वॉशिंग्टन १७८२-८३ मध्ये सोळा महिन्यांहून जास्त काळ इथल्या दगडी घरात मुक्कामाला होता. १८५० मध्ये न्यूयॉर्क राज्यानं घर ताब्यात घेतलं आणि सरकारी मालकीचं देशातलं पहिलं ऐतिहासिक स्थळ झालं. मुलं एका सुरात ओरडली, “अट! अट!” अट ‘सरकारी मालकीचं’. शिकवलेलं अंगावर येतं ते असं.

मग हडसन ओलांडून बीकन आणि तिथून रूट नाइननं वर. वाटेतल्या निळ्या पाट्या टिपण्याची स्पर्धा लावली होती. चालत्या गाडीतून मजकूर वाचून होत नाही, पण सगळ्यात खालची ओळ मुलांना पटकन दिसायला लागली, ‘राज्य शिक्षण विभाग’ आणि साल. नव्या पाट्यांवर त्या जागी एका खासगी प्रतिष्ठानाचं नाव, कारण राज्यानं कधीच हात आखडता घेतलाय आणि २००६ पासून सिरॅक्यूजचं पॉमरॉय प्रतिष्ठान पैसे देतं. ते मूळ कागदपत्रांचा पुरावा मागतं, ऐकीव गोष्ट चालत नाही. लेक म्हणाली, “म्हणजे पाटी खालून वर वाचायची. आधी कोणी लावली, कधी लावली, मग काय लिहिलंय ते.” हे वाक्य प्रदर्शनाच्या पहिल्या फलकावर जाणार.

पोकीप्सी रूरल सिमेट्री रस्त्यालगतच आहे. सैनिकांच्या थडग्यांवर छोटे झेंडे खोवलेले. कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाईंचा दगड. दगड साधा. त्यावर नाव, पुढे एम. डी., १८६५ ते १८८७, आणि खाली इंग्रजीत: शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री. जोशीमधला ‘शी’ दोन ‘ई’ लावून लिहिलेला.

मंडळातल्या काकूंनी घरून नेलेली मोगऱ्याची चार फुलं ठेवली. आम्ही सगळे थोडा वेळ काही बोललो नाही. मग एका मुलानं विचारलं, “पण ब्राह्मण कशाला लिहिलं?” मोठ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, खालून वर वाच. दगड लावणारे कार्पेंटर. पोरीचं काम मोठं होतं हे आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायला त्यांना जो शब्द जड वाटला, तो त्यांनी कोरला. तिला स्वतःला काय कोरावंसं वाटलं असतं ते विचारायची सोय नव्हती. तिची रक्षाच पुण्याहून आली होती.

४ जून, बुधवार

मुद्दाम आजची तारीख. ४ जून १८८३ ला आनंदीबाई न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. ऑफिस संपवून रोझेलला गेले, एकटीच.

थिओडिशिया कार्पेंटर या रोझेलच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना एका मिशनरी मासिकात त्यांना गोपाळराव जोशांचं पत्र छापलेलं दिसलं. बायकोला शिकवायचंय, मदत करा, असं पत्र. बाईंनी उत्तर लिहिलं आणि त्यातून पत्रव्यवहार वाढला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. वेटिंग रूममधल्या जुन्या मासिकांना मी यापुढे नावं ठेवणार नाही.

आणि रोझेल हे गावही पाटीवालं! १९ जानेवारी १८८३ ला एडिसननं इथं खांबांवरून तारा टाकून विजेचे दिवे लावले. असं उजळलेलं हे पहिलं गाव. (अट: खांबांवरून. मॅनहॅटनला आदल्या सप्टेंबरात वीज आली होती, पण तिथं तारा जमिनीखालून.) त्याच वसंतात इथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये दिवे लागले. म्हणजे तारा टाकून पाच महिने होत नाहीत तोवर अठरा वर्षांची, नऊवारीतली, कल्याणची मुलगी या गावात आली. आमच्या मेन्लो पार्कचा दिवा आणि आमची आनंदीबाई, दोघांची गाठ इथं पडते. चर्चसमोरच्या फुटपाथवर उभी राहून हे वहीत लिहिलं. एका आजोबांनी “रस्ता चुकलात का?” विचारलं. नाही म्हटलं.

२८ जून, शनिवार

कमिटीची बैठक. प्रदर्शनात मध्यभागी एक मोठी पाटी आपण स्वतः करायची, आनंदीबाईंची, असं ठरलं. एमडीएफचा बोर्ड, निळा रंग, पिवळी अक्षरं, मागेपुढे मराठी आणि इंग्रजी. इथपर्यंत एकमत.

मजकुरावरून दीड तास. काकूंचं म्हणणं, सुरुवात ‘पहिली भारतीय महिला डॉक्टर’ अशीच झाली पाहिजे, शाळेत हेच शिकलो. मी म्हटलं, कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलीही १८८६ मध्येच डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी पुढे अनेक वर्षं रुग्ण तपासले. एडिसनच्या हॉलमध्ये बंगालीही येतात. “मग ‘पाश्चात्त्य वैद्यकाची अमेरिकेत पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री’ लिही,” एक दादा. बरोबर आहे. पण तीन अटी लावलेलं वाक्य वाचून कुणाच्या अंगावर काटा येणार? त्या वाक्यात कल्याण नाही, दहा दिवसांचं बाळ गेल्यावर चौदाव्या वर्षी घेतलेला ध्यास नाही.

काकू चिडल्या. “एवढं सगळं करून ‘पहिली’ सुद्धा म्हणायचं नाही?” त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. ज्यांना फार काही मिळालेलं नसतं, ते ‘पहिली’ घट्ट धरून ठेवतात. पर्थ अँबॉयच्या पदकाचंही तसंच असावं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे शिव्याही माझ्याकडे.

१९ जुलै, शनिवार

लायब्ररीतल्या व्हायनल कटरवर (चिकटणाऱ्या पातळ प्लास्टिकमधून आकार कापणारं यंत्र) मराठी अक्षरं कापायचा पहिला प्रयत्न. इंग्रजी बाजू तासाभरात झाली, कारण तिथं अक्षर सुटं. मॅरिएटाच्या कारागिराला देवनागरी दिली तर तो डोक्याला हात लावेल. शिरोरेषेनं शब्द अखंड जोडलेला, त्यामुळे अक्षर नव्हे, पूर्ण शब्दच एक तुकडा म्हणून कापावा लागतो. शिवाय वर वेलांट्या, खाली उकार, दोन ओळींत इंग्रजीच्या दीडपट अंतर. इंग्रजीत सात ओळी बसल्या तिथं मराठीत पाचच.

आणि अनुस्वार! ‘आनंदीबाई’ सोलून बोर्डावर चिकटवलं, मागे सरकून बघितलं तर ‘आनदीबाई’. टिंब कापलं गेलं होतं, पण सुटं असल्यामुळे मागच्या कागदावरच राहिलं. मसुराच्या डाळीएवढी ती टिंबं चिमट्यानं एकेक उचलून, श्वास रोखून लावली. ‘कार्पेंटर’चं टिंब मात्रेच्या शेजारी बसवताना दोनदा हरवलं. एक माझ्या कोपराला चिकटून घरी आलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. सकाळी नारळीभात, दुपारी मजकूर. अकरावा खर्डा. हा ठेवते:

*डॉ. आनंदीबाई जोशी. कल्याणची मुलगी. ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरली आणि रोझेलमध्ये कार्पेंटर मावशींकडे राहिली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. एकविसाव्या वर्षी पुण्यात निधन. रक्षा पोकीप्सीत.*

‘पहिली’ नाही. खालची ओळ: मंडळाचं नाव, २०२५. काकूंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “‘मावशींकडे’ ठेव. ते चांगलंय.”

शेजारी एक फोटो लावायचा ठरलाय, १० ऑक्टोबर १८८५ चा. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातल्या तिघी: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, दमास्कसच्या साबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. या तिघींत पहिली कोण, हे मुलांना विचारायचं नाही असं बजावून ठेवलंय.

३० ऑगस्ट, शनिवार

प्रदर्शन. सकाळी आरतीच्या आधी बोर्ड उभा केला. ओतीव पाटीचं वजन नसल्यामुळे पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता, पायाशी तांदळाच्या दोन गोण्या टेकवल्या. मंगळवाल्यांच्या पाटीपुढे सगळ्यात जास्त गर्दी, हे अपेक्षितच. पीटरसनवर लिहिणारी मुलगी दर पाच मिनिटांनी नवीन माणसाला धरून ‘दुरुस्तीनंतर’ या शब्दावर बोट ठेवत होती. ‘पाट्या कोण बघणार’वाले काका तिच्याकडून दोनदा ऐकून गेले. एका बंगाली बाईंनी आनंदीबाईंची पाटी वाचली, इंग्रजी बाजू, मग वळून मराठी बाजूही बघितली आणि “कादंबिनीची कधी करताय?” विचारलं. हसत विचारलं, पण विचारलं.

दुपारी महाप्रसादाच्या रांगेत कुणाचा तरी खांदा बोर्डाला घासला असणार. चारच्या सुमारास बघते तर पुन्हा ‘आनदीबाई’. टिंब कुठे दिसेना. सगळे खाली वाकून शोधतायत, वर ढोल चालू. काकूंनी पर्स उघडली, टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यातली सगळ्यात लहान निवडली. माझ्याकडे पिवळी नाही, मरून आहे, चालेल का, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लावून टाकली.

बोर्ड सध्या आमच्या गॅरेजमध्ये आहे. टिकली अजून निघालेली नाही.